अ‍ॅसिट्रेटिनची पिवळी पूड हाताळताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकच्या एका कॉलेजात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. सोरायसिस या त्वचारोगासाठी अ‍ॅसिट्रेटिनचं जेल बनवताय आणि त्यासाठी एका कंपनीने ५ ग्रॅम नमुना दिलाय. फ्लास्कला फॉइल गुंडाळूनही सकाळी ९९ टक्के येणारा अ‍ॅसे (नमुन्यात खरं औषध किती टक्के आहे याचा आकडा) संध्याकाळी ९२ वर उतरतो. लॅबमधली एक मैत्रीण बाळाचा विचार करतेय. हे औषध शरीरात तीन वर्षं राहतं असं तिने कुठेतरी वाचलं आणि ती धास्तावली आहे. सरांचं म्हणणं, हातमोजे आणि मास्क घातला की झालं. उरलेल्या पुडीचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय.

मी अंबडला एका विश्लेषण प्रयोगशाळेत काम करते आणि रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या) गटातली औषधं बरीच वर्षं हाताळली आहेत. तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी माझ्या मते मूळ अडचण एकच आहे: तुमची बाटली फार वेळा उघडली जातेय आणि उघड्यावर फार वेळ राहतेय. उजेड आणि हवा यांच्यापासून पूड वाचवण्यासाठी जे करायचं, त्यानेच माणसंही वाचतात. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्रच सांगणार आहे. फ्यूम हूड (हवा आत ओढून बाहेर टाकणारं कपाट) नीट ओढतो का, एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) रोज मिळतो की फक्त यूव्हीवर (प्रकाश किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्रावर) काम भागवता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला ‘असेल तर’ म्हणावं लागेल.

आधी रेणूकडे बघू, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. अ‍ॅसिट्रेटिन हा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातला, पण माणसाने घडवलेला रेणू आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या टोकाला जे कडं असतं त्याच्या जागी इथे मिथॉक्सी आणि मिथाइल गट लावलेलं बेन्झिनचं कडं आहे. दुसऱ्या टोकाला आम्ल आहे आणि मध्ये ओळीने चार दुहेरी बंध. या सलग दुहेरी बंधांमुळेच पूड पिवळी दिसते आणि त्यांच्यामुळेच ती नाजूक आहे. ती सुमारे ३६० नॅनोमीटरला सर्वांत जास्त प्रकाश शोषते. आपल्या नेहमीच्या ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची एक रेषा ३६५ला आहे, दुसरी ४०५ला. म्हणजे छतावरची ट्यूब जवळजवळ नेम धरूनच या रेणूवर पडते. प्रकाश शोषला की एखादा दुहेरी बंध फिरतो आणि सरळ ‘ट्रान्स’ रूपाचं वाकलेलं ‘सिस’ रूप होतं. हवेतला ऑक्सिजन त्याच साखळीवर हल्ला करतो. कोरडी पूड बऱ्यापैकी टिकते. द्रावणात मात्र हे सगळं वेगाने होतं. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोनमध्ये थोडी, टेट्राहायड्रोफ्युरान या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) त्याहून बरी.

आता मैत्रिणीची भीती. ‘तीन वर्षं’ हा आकडा खरा आहे, पण तो कुठून आला हे कळलं तर भीती योग्य जागी बसेल. अ‍ॅसिट्रेटिनच्या आधी एट्रेटिनेट नावाचं औषध वापरात होतं. ते याच आम्लाचं एथिल एस्टर, म्हणजे हे आम्ल आणि एथिल अल्कोहोल जोडून बनलेलं रूप. ते शरीरातल्या चरबीत साठून राहायचं आणि त्याचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे १२० दिवस. बंद केल्यावरही ते वर्षानुवर्षं रक्तात सापडायचं. म्हणून त्याच्या जागी अ‍ॅसिट्रेटिन आलं. अमेरिकेत त्याला १९९६मध्ये मान्यता मिळाली आणि १९९८मध्ये एट्रेटिनेट तिथल्या बाजारातून गेलं. अ‍ॅसिट्रेटिनचं अर्धायुष्य सरासरी ४९ तास, म्हणजे ते काही आठवड्यांत शरीरातून जायला हवं. पण रुग्णाने दारू घेतली की यकृतात अ‍ॅसिट्रेटिन आणि एथिल अल्कोहोल यांच्यापासून पुन्हा एट्रेटिनेट तयार होतं आणि ते चरबीत जाऊन बसतं. या शक्यतेपोटी औषध बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळायला सांगतात. हा नियम रोज २५ ते ५० मिलिग्रॅम पोटात घेणाऱ्या बाईसाठी आहे. ज्या टेबलावर ही बाटली एकदा उघडली त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीसाठी तो लिहिलेला नाही. हे तिला नक्की सांगा.

पण याचा अर्थ ‘काही होत नाही’ असाही घेऊ नका. गर्भाच्या बाबतीत हे औषध अतिशय धोकादायक आहे. चेहरा, कान, हृदय, मज्जासंस्था, हाडं यांत जन्मजात दोष होतात, आणि किती कमी डोस किंवा किती थोडे दिवस घेतला तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात कुठेही दिलेली नाही. तुमच्या बाटलीत ५ ग्रॅम आहे, म्हणजे २५ मिलिग्रॅमच्या २०० कॅप्सूल. रुग्णाला एक कॅप्सूल बंद कवचात मिळते. तुमच्यासमोर २०० कॅप्सूलची पूड उघडी पडलेली असते. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने हाताळायला धोकादायक औषधांची यादी केली आहे. तीत अ‍ॅसिट्रेटिन आहे, आणि ते पुनरुत्पादनावरच्या परिणामांमुळेच आहे.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की कोणी गरोदर असेल तर तिने सांगावं, मग तिला दुसरं काम देऊ. हा नियम मुळातच उशिरा लागू होतो. गर्भाचे अवयव घडण्याचा काळ गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचा. पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत तो सुरू झालेला असतो. शिवाय सरांना आणि लॅबमधल्या सगळ्यांना आपल्या घरातली गोष्ट सांगण्याची वेळ कोणत्याही मुलीवर येता कामा नये. म्हणून नियम उलटा करा. कोरडी पूड उघडण्याचं काम ज्यांनी आपणहून पत्करलंय अशा एक-दोघांनीच करायचं. बाकी कोणीही, मुलगा असो की मुलगी, कारण न सांगता ‘मी पूड हाताळणार नाही’ म्हणू शकेल, आणि हे कागदावर लिहिलेलं असेल. तुमच्या मैत्रिणीने पुडीपासून पूर्ण लांब राहावं आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कामाचं स्वरूप मोकळेपणाने सांगावं. तिला प्रोजेक्ट सोडायला लावणं मात्र चूक ठरेल. जेलची जाडी, पसरण्याची चाचणी, त्वचेतून झिरपण्याचे प्रयोग हे सगळं ती औषध नसलेल्या जेलवर बसवू शकते. एचपीएलसीवरचं आकड्यांचं काम आहे, लेखन आहे.

तुमच्या प्रश्नात एका व्यक्तीचा उल्लेखच नाही: तुमच्या लॅबच्या मावशी. संध्याकाळी कोरड्या केरसुणीने टेबलाखालचं झाडणार त्या. काचेची भांडी धुणारे मामा असतील तर ते. लॅबमध्ये सगळ्यांत जास्त धूळ नाकात जाते ती यांच्याच, आणि पिवळं काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तेव्हा त्या कोपऱ्यात झाडू चालणार नाही. ते टेबल आणि खालची फरशी ज्याने पूड उघडली त्यानेच ओल्या टिश्यूने पुसायची. भांडीही आधी स्वतः थोड्या सॉल्व्हंटने खंगाळून, ते सॉल्व्हंट कचऱ्याच्या बाटलीत ओतून, मगच बेसिनकडे न्यायची.

सरांच्या हातमोजे-मास्कबद्दल. मास्क म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर निळा सर्जिकल मास्क असेल, तर तो बारीक पुडीसाठी कामाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो, आणि तोही सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. नायट्राइलचे हातमोजे पुडीसाठी चांगले. पण टेट्राहायड्रोफ्युरान आणि अ‍ॅसिटोन त्यांतून फार पटकन आत शिरतात. दोन जोड घाला आणि वरच्या जोडावर थेंब पडला की तो लगेच बदला. अखंड त्वचेतून कोरडी पूड फारशी आत जात नाही, पण डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली गोष्ट त्वचेतून ओढली जाते. म्हणून सोय म्हणून डीएमएसओमध्ये स्टॉक (साठ्याचं दाट द्रावण) करू नका. आणि कृपा करून लॅमिनार एअर फ्लोखाली पूड उघडू नका. फार्मसी कॉलेजात हे सर्रास होतं, कारण ते यंत्र स्वच्छ आणि सुरक्षित वाटतं. ते हवा तुमच्या तोंडावर फेकतं. नमुना स्वच्छ राहतो, धूळ तुमच्या नाकात जाते. लागतो तो आत ओढणारा फ्यूम हूड.

एप्रन लॅबमध्येच राहू द्या. तो अंगात घालून स्कूटीवर घरी जायचं आणि आईच्या धुण्यात टाकायचा, हे या कामापुरतं तरी बंद.

आता वजन करणं. सगळ्यात जास्त पूड इथेच उडते, म्हणून यावर जास्त बोलते. बटरपेपरवर पूड घ्यायची, चमच्याने कमी-जास्त करत अचूक १०.० मिलिग्रॅमवर आणायची, मग कागद वाकवून फ्लास्कमध्ये झटकायची, ही सवय मोडा. तपकिरी काचेच्या छोट्या कुप्या घ्या. झाकणासकट वजन करून आकडा कुपीवर लिहा. कुपी हूडमध्ये न्या, अंदाजाने चिमूटभर पूड टाका, झाकण लावा, बाहेरून पुसा आणि बंद कुपी तराजूवर ठेवा. ९.४ आलं तर ९.४ लिहा, १०.७ आलं तर १०.७. सॉल्व्हंट किंवा जेलचा बेस त्या हिशेबाने घ्या. अचूकपणा आकडा नीट लिहिण्यात आहे, ठरावीक आकडा गाठण्यात नाही. तराजू उघड्या पुडीला कधी भेटतच नाही, आणि हूडच्या वाऱ्याने तराजू डोलण्याचा प्रश्नही येत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे हे रोज करू नका. सगळ्या प्रोजेक्टला किती वजनं लागतील याचा हिशेब आज बसून करा. मग एका सकाळी, पंखा बंद, ट्यूब बंद, अंबर दिवा किंवा खिडकीला पडदा लावून मंद पिवळा बल्ब, अशा उजेडात तेवढ्या सगळ्या कुप्या भरून टाका. जमल्यास प्रत्येकीत नायट्रोजनची फुंकर मारा. मूळ बाटलीतही मारा, घट्ट बंद करा आणि २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. पुढे रोज फक्त एक बंद कुपी बाहेर येईल, आणि सॉल्व्हंट तिच्यातच जाईल. तेवढ्याने तुमच्या लॅबमधला निम्म्याहून जास्त धोका जातो असं माझं मत आहे.

त्या सकाळच्या आधी मात्र हळदीने तालीम करा. स्वयंपाकघरातली हळद, तेच हातमोजे, त्याच कुप्या, तीच माणसं. काम झाल्यावर अंधार करून लॅबमधला टीएलसीचा ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा फिरवा. हळद त्यात पिवळट-हिरवी चमकते. तराजूच्या दारावर, पेनावर, मोबाइलच्या मागे, हूडच्या काचेवर, मनगटावर ती कुठे कुठे पोहोचली ते दिसेल. आमच्याकडे नव्या मुलांना मी हे करायला लावते. एकदा स्वतःच्या कानामागे हळद चमकताना दिसली की चष्मा सावरायला हातमोज्याचा हात वर जाणं थांबतं. डाग कमी होईपर्यंत तालीम पुन्हा करा. खऱ्या कामानंतर तपासायचं असेल तर मिथेनॉलने ओला केलेला स्वॅब टेबलावर ठरावीक जागेत फिरवून तो अर्क एचपीएलसीवर ३६० नॅनोमीटरला लावा. आलेखावर औषधाचा उंचवटा, म्हणजे शिखर, दिसलं तर साफसफाई अपुरी झाली.

कोणत्या महिन्यात हे करताय यानेही फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची कोरडी थंडी शहरात उतरते तेव्हा पुडीत स्थिर वीज साठते. ती चमच्याला चिकटते, कुपीच्या काठावरून उडते. त्या दिवसांत हूडमध्ये ओला टिश्यू पसरून त्यावर काम करा आणि प्लॅस्टिकऐवजी धातूचा चमचा वापरा. पावसाळ्यात उलट. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान अर्धा तास, झाकण लावूनच थांबा. उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिज किती वेळ बंद होता, हे वहीत लिहायची सवय लावा.

आता तो ९९चा ९२. ‘फॉइल लावलं होतं’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण फॉइल फ्लास्कला असतं आणि नुकसान इतर पायऱ्यांवर होतं. विरघळावं म्हणून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवता का? तिथे द्रावण तापतं आणि त्यात हवा घुसळली जाते. पारदर्शक पिपेट आणि पारदर्शक एचपीएलसी कुप्या वापरता का? नमुने रांगेत तासन्‌तास पडून असतात तो सॅम्पलर (एचपीएलसीला नमुने पुरवणारा भाग) खिडकीजवळ आहे का? टेट्राहायड्रोफ्युरान बीएचटी (ऑक्सिजनचा परिणाम रोखणारा पदार्थ) घातलेलं आहे की साधं? एचपीएलसी ग्रेडचं बऱ्याचदा बिनबीएचटीचं येतं आणि उघडल्यावर त्यात पेरॉक्साइड साठत जातं. ते तुमचं औषध तर खातंच, शिवाय ती बाटली जुनी झाली की स्वतःच धोकादायक होते. बीएचटी ३६०ला प्रकाश शोषत नाही, त्यामुळे ते असलेलं सॉल्व्हंट वापरायला अडचण नाही.

शोध असा घ्या. एकाच स्टॉकमधून चार कुप्या भरा, तीन तपकिरी आणि एक साध्या काचेची: पहिली तपकिरी फॉइलमध्ये खोलीच्या तापमानाला, दुसरी फॉइलमध्ये फ्रिजमध्ये, तिसरी नायट्रोजन मारून फॉइलमध्ये, आणि साध्या काचेची ट्यूबखाली. शून्य, एक, दोन, चार आणि आठ तासांनी एचपीएलसीत इंजेक्ट करा. मग फक्त टक्केवारी बघू नका, शिखरं बघा. मुख्य शिखर घटतंय आणि शेजारी नवी शिखरं उगवतायत, तर उजेड किंवा ऑक्सिजन. मुख्य शिखर घटतंय आणि नवं काहीच येत नाही, तर औषध बिघडलेलं नाही, हरवलंय. पाण्याशी याचं इतकं वाकडं आहे की जास्त पाणी असलेल्या पातळ द्रावणातून ते प्लॅस्टिकच्या नळीला, सिरिंज फिल्टरला चिकटतं किंवा डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक खाली बसतं. तेव्हा काच वापरा, फिल्टरमधून आलेले पहिले काही मिलिलीटर टाकून द्या, आणि डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) सेंद्रिय सॉल्व्हंटचं प्रमाण वाढवा. तुम्ही फक्त यूव्हीवर मोजत असाल तर एक धोका ध्यानात ठेवा: सिस रूपही जवळपास तिथेच प्रकाश शोषतं, त्यामुळे यूव्हीला दिसलेली ७ टक्के घट म्हणजे ट्रान्स रूपाची खरी घट त्याहून जास्त असू शकते. थिसिससाठी एचपीएलसी लागेलच.

जेलमध्ये इथेनॉल घालणार असाल तर स्थिरतेच्या नमुन्यांत मुख्य शिखरानंतर उशिरा येणाऱ्या शिखरावर नजर ठेवा, ते एट्रेटिनेटचं असू शकतं. यकृतात एस्टर बनतं ते तिथल्या यंत्रणेमुळे. फ्लास्कमध्ये ते तसं आपोआप घडत नाही, पण जेलचा बेस आम्लधर्मी आणि महिनोन्‌महिने ४० अंशांचं तापमान असेल तर तपासलेलं बरं.

पूड सांडली तर: पंखा बंद, इतरांना बाजूला करा, ओला टिश्यू वरून अलगद ठेवा, कडेकडून मध्याकडे गोळा करा, मग अल्कोहोलने ओलावलेल्या टिश्यूने पुसा, सगळं दुहेरी पिशवीत. हातावर पडली तर साबण आणि भरपूर पाणी. हातावरचा डाग काढायला अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, त्याने ते त्वचेत आणखी आत जाईल. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं किंवा श्वासातून बरंच गेलं असं वाटलं, तर माहितीपत्रक हातात घेऊनच रुग्णालयात जा.

उरलेल्या पुडीसाठी पहिला फोन नमुना देणाऱ्या कंपनीला करा. परत घेतात का ते विचारा, बऱ्याचदा घेतात. नाही तर ती आणि तुमचे टिश्यू, हातमोजे, कुप्या घातक कचरा म्हणून वेगळ्या बंद डब्यात, नाव आणि तारीख लिहून ठेवा. सॉल्व्हंटचा कचरा वेगळ्या काचेच्या बाटलीत, क्लोरीनवाले सॉल्व्हंट त्यात न मिसळता. कॉलेजचा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या संस्थेशी करार असतो, तो कोण बघतं ते ऑफिसात विचारा. महाराष्ट्रात असा कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या केंद्रांत जातो आणि ज्वलनासाठीचा कचरा तिथल्या भट्टीत जाळला जातो. बेसिनमध्ये एक थेंबही नको. आपल्या गटारांचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं.

सरांशी बोलताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. त्यांच्यासमोर दोन कागद ठेवा: एकावर कुप्यांच्या प्रयोगाची क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख), दुसऱ्यावर पानभराची कार्यपद्धती, ज्यात पूड कोण उघडेल, कुठे उघडेल, कोण पुसेल आणि नाही म्हणायचा हक्क कोणाला आहे हे लिहिलेलं असेल. अ‍ॅसेचा आकडा सुधारलेला दिसला की कुठल्याही गाईडला ती कार्यपद्धती पटते. हूड ओढतो की नाही हे आधी टिश्यूची पट्टी काचेच्या फटीत धरून बघा. ती आत वळली नाही तर हूड दुरुस्त होईपर्यंत बाटली उघडू नका, आणि आठ तासांची क्रोमॅटोग्राम आली की इथे टाका, कोणतं शिखर कशाचं असावं ते बघू.